डायलच्या आडची बटणं

जरा कान इकडे करा. मी दातांच्या दवाखान्यातला, टेबलावरचा फोन बोलतोय. हो, तोच पितळी, लाकडी बुडाचा, डोक्यावर रिसीव्हर आडवा घेतलेला. पेशंट आत आले की दुखरा गाल धरूनही म्हणतात, "वा! पणजोबांच्या काळातला दिसतो!" मी आपला गप्प. खरं सांगू? तुमच्या खिशातला मोबाइल माझ्याहून वयानं फार लहान नसेल.

एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जन्मलो तेव्हा नव्या पातेल्यासारखा चकचकीत होतो. पण चकचकीत जुना फोन कोण घेणार? म्हणून आम्हाला शेडच्या टोकाला एका बाईंकडे पाठवत. आम्हाला म्हातारं करणं हेच त्यांचं काम. व्हिनेगर आणि मिठात भिजवलेलं फडकं त्या आमच्या अंगाला गुंडाळत, हिरवट डाग धरला की सोडत. मग लाकडाच्या कडा घासायच्या, वायरीच्या कापडाला चहाचं पाणी पाजायचं. माझी पाठ पुसताना त्या हसून म्हणाल्या, "जा बाबा, शंभर वर्षांचा हो!" आशीर्वाद इतक्या झटपट कुणाला फळला नसेल. फार हळुवार हात होता त्यांचा, अजून आठवतो.

आतली गोष्टही सांगून टाकतो. माझी डायल दिसते फिरायची, पण फिरत नाही. तिच्या प्रत्येक भोकात आकड्याची गोल चकती आहे ना, ते बटण आहे. दाबायचं. बुडाला आजकालचे स्टारचे स्क्रू आहेत, आणि वजन भरावं म्हणून आत लोखंडाचा तुकडा ठोकलाय. मला एकदा उलटं केलं की माझी सगळी अब्रू बाहेर.

तिथून मी जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. दुकानदार खोटं बोलायचा नाही, पण खरंही बोलायचा नाही. कुणी वय विचारलं की म्हणायचा, "माझ्याकडे आला तेव्हा असाच होता."

एका सकाळी तिथे दोन मित्र आले. एक हे दातांचे डॉक्टर, दुसरे भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले आणि दोघांनाही जुन्या फोनांचं वेड. या वेड्यांची एक रीत असते. वस्तू आवडली तर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हात लावला, उलटी केली, की दुसऱ्याला कळतं आणि भाव चढतो. त्यातून शेजारी मित्रच उभा असेल तर विचारूच नका!

डॉक्टरांची नजर माझ्यावर पडली आणि लगेच छताकडे गेली. सर माझ्याकडे सरकताहेत असं दिसताच डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "सोड रे, नकली आहे तो." सर पुढे गेले. ते पंख्यांच्या ढिगात डोकं घालून बसले तेवढ्यात डॉक्टरांनी मला पिशवीत टाकलं. बघणं नाही, उलटणं नाही, काही नाही!

बाहेर आल्यावर पिशवी उघडून सरांना दाखवली. "कसा गंडवला!" म्हणून भर रस्त्यात नाचायचेच बाकी होते.

घरी येऊन मला उलटं केलं आणि डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी एक बटण दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, लोकांचे दात बघून वय सांगता, आणि हा दुधाच्या दातांचा तुम्हाला आजोबा वाटला?"

मला वाटलं, आता भंगारात. पण डॉक्टरांनी मला काचेच्या कपाटात, खऱ्या फोनांच्या शेजारी ठेवलं. लाज झाकायला ठेवलं असेल, पण ठेवलं. ते खरे म्हातारेही फार भले निघाले. कुणी मला सरक म्हटलं नाही.

पुढे एक दिवस सर घरी आले. हातात त्यांचा भिंतीवरचा लाकडी फोन होता. डॉक्टर कित्येक वर्षं त्या फोनासाठी जीव टाकत होते. सर म्हणाले, "हा घे आणि तो पितळी मला दे. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही."

डॉक्टरांचा हात लाकडी फोनाकडे गेलेला मी पाहिला. गुपचूप अदलाबदल केली असती तर कोण विचारणार होतं? पण त्यांनी हात मागे घेतला. "नाही रे. तो नकली आहे."

सरांचा चेहरा उतरला. "त्या दिवशीही हेच म्हणाला होतास."

"आज खरं सांगतोय."

"द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हण. माझ्याशी बाजारातली भाषा नको."

"उलटा करून बघ ना!"

"मित्राच्या घरात वस्तू उलटून बघू? एवढी वेळ आली का आपल्यावर?" सर लाकडी फोन उचलून निघून गेले.

मग अबोला. डॉक्टर त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले, सरांनी दार उघडलं नाही. मोबाइल उचलेनात. गंमत म्हणजे सरांच्या एका दाढेचं काम अर्धं राहिलं होतं. वर तात्पुरती टोपी बसवलेली. सर एकाच बाजूनं जेवत होते, पण इकडे फिरकत नव्हते. डॉक्टरांचंही जेवणावरून मन उडालं. एवढ्या वर्षांची दोस्ती माझ्यापायी तुटणार म्हणून मी कपाटात नुसता झुरत होतो.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच मला बाहेर काढलं. "तुमच्या खऱ्यांपैकी एकाला तरी कंठ फुटतो का? हा बोलतो, तर बोलू दे," असं म्हणून त्यांनी मला दवाखान्यात आणून लाइनला जोडलं. पहिला फोन लावला तो सरांनाच, दाढेची वेळ द्यायला. टिं, टिं, टिं, माझी बटणं वाजली. आत हात धूत असलेले डॉक्टर तसेच ओल्या हातांनी धावत आले.

पलीकडून सर म्हणत होते, "वहिनी, फार ठणकतीय हो..."

डॉक्टरांनी रिसीव्हर घेतला. "ठेवू नकोस. मी काही बोलत नाही. हा तो पितळीच आहे, तू नुसतं ऐक." आणि त्यांनी माझं एक बटण दाबलं.

टिं.

माझ्या आयुष्यात मी इतकं जीव तोडून कधी बोललो नव्हतो. मी नकली आहे हे मीच ओरडून सांगत होतो, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

मग सर म्हणाले, "परत दाब."

टिं.

"फिरवायचा फोन टिं करत नाही."

"नाही करत."

"म्हणजे बटणं आहेत?"

"डायलच्या आड."

"आणि तू हा विकत घेतलास? न उलटता?"

"तू शेजारी उभा होतास ना, गाढवा!"

सर असे हसले की माझं पितळ थरथरलं. हसता हसता "आई गं" ओरडले, बहुतेक टोपी निसटली. थोड्याच वेळात गाल धरून दारात हजर. आल्या आल्या त्यांनी मला उलटं केलं, स्क्रू बघितले आणि पुन्हा हसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडलंच आहेस तर बस खुर्चीत."

दाढ झाल्यावर सर अर्ध्या बधिर तोंडानं म्हणाले, "माझा भिंतीवरचा तू ठेव. पण हा मला दे. नकली तर नकली."

डॉक्टरांनी माझ्यावर हात ठेवला. "हा द्यायचा नाही."

"बाजारात याचं काय येणार आहे रे?"

"काही नाही येणार. पण द्यायचा नाही."

जुन्या वस्तूंच्या दुनियेत मला किंमत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याचं दुःखही नाही. माझ्यावर हात ठेवून कुणी "द्यायचा नाही" म्हणालं, यातच मी भरून पावलो.

तेव्हा मंडळी, तुमचंही जिवाभावाच्या कुणाशी अडलं असेल तर या आमच्या दवाखान्यात. डॉक्टर एक फोन करू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. दात मात्र बघितल्याशिवाय सोडायचे नाहीत.