लाझर ग्लोगाउअरचा वस्तरा

मी एक वस्तरा. पण ज्याच्याकडे माझा सगळा जन्म गेला, त्याच्या हनुवटीला मी एकदाही शिवलो नाही. याचा मला अभिमान आहे.

जर्मनीतल्या झोलिंगेनच्या भट्टीत माझं पातं घडलं. ब्रेस्लाउच्या एका दुकानातून डॉक्टर लाझर ग्लोगाउअरनं मला घेतलं, तेव्हा त्याची छातीपर्यंतची दाढी पाहून दुकानदार गालातल्या गालात हसला. लाझर देवभीरू ज्यू घरातला. त्याच्या माणसांत चेहऱ्याला वस्तरा लावणं पाप. मला त्यानं घेतलं ते बेडकांच्या अंड्यांसाठी.

वसंतात तो तळ्यावरून अंडी आणायचा, मोरचूद आणि मद्यार्कात घालून घट्ट करायचा आणि माझ्याकडून त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा. माझी धार जरा बोथट झाली की अंडं चुरगळायचं, म्हणून मला रोज चामड्यावर परजायचा.

तेव्हाचे मोठमोठे विद्वान सांगत, की खाऱ्या पाण्यातून मिठाचा खडा जमावा तशी शरीरातल्या रसातून नवी पेशी आपोआप जमते. लाझरला दिसत होतं ते निराळंच. पेशी मधोमध आवळली जायची, तिचं आवरण आत वळायचं आणि एकीच्या दोन व्हायच्या. रसातून जमलेली पेशी काही त्याला सापडली नाही. तसा निबंधच त्यानं लिहायला घेतला.

एकदा वल्हांडणाच्या, ज्यूंच्या वसंतातल्या सणाला त्याची आई, पेसेल, गावाहून आली. त्या सणात आंबवलेल्या पिठाचा कणही घरात चालत नाही, म्हणून ती कोपरान्‌कोपरा झाडत सुटली, आणि खणात तिला मी सापडलो. तिनं मला उचलून लाझरसमोर धरलं.

"दाढी उतरवायची ठरवलीस?"

"आई, तो बेडकांसाठी आहे."

"बेडकांना दाढी असते होय रे?"

लाझरनं तिला सूक्ष्मदर्शकाशी नेलं. बराच वेळ तिला आपल्याच पापण्या दिसत राहिल्या. मग त्यानं भिंग थोडं खालीवर केलं. "दोन आहेत," एवढंच ती म्हणाली. मला एप्रनला पुसून तिनं परत खणात ठेवलं. पण जाताना, विद्यापीठात जागा मिळेल ना, असं तिनं विचारलंच. लाझरनं तिचं बोचकं उचललं आणि तिला गाडीपर्यंत पोचवलं.

ज्यू माणसाला तेव्हा प्राध्यापक करत नसत.

जागा निघाली तेव्हा विभागाचे प्रमुख फॉन रेडर्न स्वतः त्याच्या खोलीवर आले. माणूस वाईट नव्हता. लाझरचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी लाझरच्या हातात होतो, काप अर्धा झालेला.

"वस्तरा तर हाताशी आहेच," ते हसून म्हणाले. "दाढी काढा, चर्चमध्ये डोक्यावर चार थेंब पाणी घेऊन ख्रिस्ती व्हा. आणि निबंधात एक शब्द घाला, 'कधी कधी'. पेशी कधी कधी पेशीपासून होते. कुणी दुखावणार नाही, आणि खुर्ची तुमची."

"तसं लिहायला मला दुसरं काहीतरी एकदा तरी दिसायला हवं होतं, सर. पेशी पेशीपासूनच होते. आणि मीही माझ्या आईबापांपासूनच झालोय."

एवढं बोलून त्यानं तो काप पुरा केला. काप कुठेही फाटला नाही. हे मी सांगतो, कारण तो माझ्याच धारेवरून उतरला.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. लाझर रोगी तपासून पोट भरत राहिला आणि उरलेल्या वेळात काप काढत राहिला. पुढे फॉन रेडर्नच वर्गात तेच शिकवू लागले. 'कधी कधी' गेलं होतं, पण लाझरचं नावही नव्हतं. हे त्याला एका रोगी विद्यार्थ्याकडून कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला परजलं आणि कामाला बसला.

तो गेला तेव्हा त्याची दाढी पांढरीशुभ्र होती आणि शाबूत होती.

आता काप यंत्रं काढतात. मी एका शाळेच्या कपाटात गंजत पडलोय. समोर दरवर्षी नवी मुलं बसतात आणि शिक्षक सांगतात, "मग असा शोध लागला की..." तुमच्या पुस्तकांतही तसंच छापलं असेल. ते खोडा. शोध काही ठेचेसारखा लागत नाही. हा लाझर ग्लोगाउअरनं लावला, आणि त्यासाठी कुणापुढे मान तुकवली नाही.