तिरका काप

मांडवीला समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर आत्मारामाचं घर होतं, आणि घरापेक्षा दारातल्या जास्वंदीचं नाव मोठं होतं. साधी जास्वंद काय, कुणाच्याही परसात असते. ही सकाळी उमलायची ती दुधासारखी पांढरी, जेवणं होईपर्यंत गुलाबी व्हायची आणि दिवेलागणीला चांगली लालबुंद. भादव्यात तिला बहर यायचा. आत्मारामाच्या गणपतीला सकाळी वाहिलेली पांढरी फुलं संध्याकाळच्या आरतीला लाल झालेली असत, आणि ते बघायला वरच्या पेठेतली माणसंसुद्धा चिखल तुडवत यायची. निमित्त प्रसादाचं, खरं बघायचं ते फूल. सगळे तिला ‘आत्मारामाची जास्वंद’च म्हणत. बंदरावरच्या कचेरीत शिपाई म्हणून जन्मभर साहेबाच्या खुर्चीमागे उभं राहिलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या कशाला लागायचं कारणच नव्हतं. त्यामुळे या एका नावाला तो फार जपायचा.

आता गंमत अशी, की ती जास्वंद मुळात त्याची नव्हतीच. गडग्यापलीकडे राहणारा मुसा तांडेल गलबत घेऊन मलबारपर्यंत जायचा. एका खेपेला तो तिच्या दोन काठ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. एक आपल्या अंगणात लावली, ती शेळीनं खाल्ली. दुसरी आत्मारामाला दिली, ती जगली. मुसानं त्याबद्दल पुढे अवाक्षर काढलं नाही. गडगा कमरेएवढा, फूल इकडून बघितलं काय नि तिकडून काय, असा त्याचा हिशेब. त्याच्याकडून सोनटक्क्याचे गड्डे यायचे, इकडून अबोलीची रोपं जायची. गणपतीच्या पहिल्या दिवशी सोनटक्क्याची ओंजळभर फुलं मुसाच्या घरून आल्याशिवाय सावित्री, म्हणजे आत्मारामाची बायको, पूजेची तयारी झाली असं म्हणत नसे.

ती फुलं घेऊन यायची मुसाची मुलगी हमिदा. तिची आई ती लहान असतानाच गेली, बाप सदा पाण्यावर, घरात एक म्हातारी आत्या, तीही कानानं अधू. पोर गडग्याच्या अलीकडेच वाढली म्हणा ना. आत्मारामाला मूलबाळ नव्हतं. सावित्री हमिदेची वेणी घालायची आणि आत्माराम तिला झाडांतलं शिकवायचा. काठी तोडली की मातीत जाणाऱ्या टोकाला तिरका काप द्यायचा, वरच्या टोकाला सरळ. दुसऱ्याला काठी देताना हीच खूण. मग घेणाऱ्यानं विचारायला नको आणि देणाऱ्यानं सांगायला नको. तरीसुद्धा आपण आधी डोळे बघायचे, असं तो तिला बजावायचा. पान गळाल्या जागी बारीक डोळा असतो, तो नेहमी आभाळाकडे बघतो. हमिदा हे पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. तिचा हातगुणही असा, की सावित्री म्हणायची, या पोरीनं केरसुणीची काडी रोवली तरी तिला पालवी फुटेल. आत्माराम यावर हसायचा. पण मनात कुठेतरी त्याला ते थोडं टोचायचंही, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

हमिदेचं लग्न दाभोळला ठरलं. गणपती जाऊन पावसाळ्यात बंद असलेल्या आगबोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि लग्न होऊन तिनं सासरी निघायचं त्याच्या आदल्या दिवशी मुसा गडग्यावर हात टेकून उभा राहिला.

“हमिदेला एक काठी दे रे आत्माराम,” तो म्हणाला. “दाभोळला तिच्या दारात आपली जास्वंद होऊ दे.”

‘आपली’ हा शब्द आत्मारामाला लागला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. ज्यानं झाड आणलं त्याला नाही कसं म्हणायचं? तो बरं म्हणाला, कोयती घेऊन झाडापाशी गेला, आणि तिथे त्याच्या डोक्यात नको ते सुरू झालं. आज दाभोळ, उद्या गुहागर, परवा चिपळूण. हमिदेच्या हातची काठी मरायची नाही. तिच्या अंगणातून दहा अंगणांत जाईल, आणि एखाद्या भादव्यात मांडवीतल्याच कुणाच्या तरी दारात ही फुलं लाल होतील. मग आपल्या आरतीला कोण येतंय? शिवाय पोर चाललीच होती. तिच्याबरोबर हेही जाणार, याचा त्याला राग आला होता. कुणाचा राग, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं चांगली जून काठी निवडली. सगळी पानं उतरवली. मग वरच्या टोकाला तिरका काप दिला आणि खालच्या टोकाला सरळ. तिरक्या टोकाला ओला फडका बांधला आणि काठी हमिदेच्या हातात ठेवली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. काकीच्या गळ्यात पडून रडली ती याच काठीसकट.

दुसऱ्या दिवशी तो बंदरावर पोचवायला गेला. माणसांना बोटीवर पोचवणारा पडाव निघाला. हमिदा बुरख्याच्या आत काठी उभी धरून बसली होती. एक हाक मारायची होती. उलटी कापली गं, फिरवून लाव, एवढंच म्हणायचं होतं. फार तर लोक हसले असते, म्हातारपणी चूक झाली म्हणाले असते. पण आत्मारामानं हाक मारली नाही. पडाव बोटीला लागला, माणसं वर चढली, आणि तो घरी येऊन न जेवता पडून राहिला.

पुढचं सांगायला मलाच लाज वाटते, त्याला वाटली असेल तर न कळे. दाभोळहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर हमिदेचे निरोप यायला लागले आणि मुसा ते गडग्यावरून सांगायचा. काठी हिरवी आहे, पण फुटत नाही, काय करू? आत्माराम म्हणाला, पाणी कमी कर. महिन्याभरानं पुन्हा तेच. तो म्हणाला, बुंध्याशी चिमूटभर राख घाल. मग मासळी धुतलेलं पाणी झालं, मग नारळाच्या सोडणांचा आडोसा झाला. झाडांची सेवा करून जे काही त्याला कळलं होतं ते सगळं त्यानं त्या उलट्या काठीवर ओवाळून टाकलं. मुसा एकेक सल्ला पाठ करून घ्यायचा आणि जाणाऱ्याच्या कानात नीट घालायचा. दुसरी काठी पाठवू का, असं आत्मारामानं एकदा विचारलंही. त्यावर उलट निरोप आला, की काकांनी दिलेली अजून ओली आहे, ती उपटून दुसरी कशी लावू? झालं, आत्मारामाला आडोसा मिळाला. पोरगीच नको म्हणते, आपण काय करणार?

मग निरोप यायचे बंद झाले. तसा आत्मारामाचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तो रोज गडग्यापाशी रेंगाळायला लागला. मुसा घरी असला की आडून आडून विचारायचा, दाभोळकडची काय खबर? मुसा सांगायचा, बरी आहे, मुलगा झाला, सासरची माणसं चांगली आहेत. झाडांचं तो काही बोलायचा नाही. अशी दोनतीन वर्षं गेली. भादवा आला की जास्वंद बहरायची, माणसं यायची, आणि आरती म्हणता म्हणता आत्मारामाचं कडवं मध्येच चुकायचं.

शेवटी सावित्रीच एकदा म्हणाली, “तिकडे पोरीच्या मनात काय आहे ते बघून तरी या. इथनं नुसती खबर काय विचारायची?” तिला काही ठाऊक नव्हतं. तिला आपली हमिदेची आठवण यायची.

त्या वर्षी गणपती झाल्यावर आत्मारामानं नवी काठी तोडली. खाली तिरका, वर सरळ. डोळे दहादा तपासले. फुलं द्यायची तर दाभोळ गाठेपर्यंत कोमेजणार, म्हणून नुसत्या कळ्या केळीच्या पानात बांधून घेतल्या आणि तो बोटीत बसला. वाटेत त्यानं ठरवलं, की काही कबूल करायचं नाही. पहिली काठी किडकी निघाली असेल म्हणायचं, नवी द्यायची, चहा प्यायचा आणि परत यायचं.

हमिदा त्याला बघून दारातच उभी राहिली, मग धावत पुढे आली. काका, काका म्हणत तिनं त्याचा हात धरला. तिनं त्याला ओसरीवर बसवलं, मुलाला त्याच्या मांडीवर दिलं, काकीचं विचारलं, अबोलीचं विचारलं. आत्मारामाची नजर अंगणात गेली. अंगण झाडून लखलखीत केलेलं होतं आणि त्यात काही नव्हतं. तुळस नसायचीच, पण मोगरा नाही, सोनटक्का नाही, एक साधी गुलबक्षी नाही. भादव्यात कोकणातलं अंगण असं उघडं त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्यानं विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली, की आता ती काही लावत नाही. सासूबाई म्हणतात तिच्या हाताला गुण नाही, आणि ते खरंच आहे.

आत्मारामानं कळ्यांची पुडी तिच्यापुढे ठेवली आणि घाईघाईनं काठी पुढे केली. हमिदेनं ती घेतली. तिनं तिरका काप बघितला, अंगठ्यानं डोळे चाचपले, काठी फिरवली, पुन्हा सरळ केली, पुन्हा फिरवली. मग हळूच विचारलं, “कंची बाजू खाली, काका?”

बोटीत ठरवलेलं सगळं तिथेच गळून पडलं. ज्या पोरीनं हे पाढ्यासारखं म्हणून दाखवलं होतं, ती विचारत होती कुठली बाजू खाली. आत्मारामानं मूल मांडीवरून उतरवलं आणि सगळं सांगितलं. काप कुठे दिला, का दिला, बंदरावर हाक का मारली नाही, राखेचं आणि मासळीच्या पाण्याचं सांगताना काय माहीत होतं. सांगताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

हमिदेनं अंगठा पुन्हा काठीच्या डोळ्यांवर टेकवला.

“डोळे खाली हायत, ता मी बघितला होता,” ती म्हणाली. “लावताना हात थांबला माझा. पण तिरका काप तुमचा होता. मला वाटला, तुमी कसे चुकाल? मीच शिकताना उलटा शिकले आसन.”

ती रागावली असती, काठी मोडून अंगावर फेकली असती, तर आत्मारामाला बरं वाटलं असतं. तिनं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. तो निघायच्या वेळी म्हणाला, आता तरी तुझ्या हातानं लाव. त्यावर ती मान हलवून म्हणाली, “नको काका. तुमीच लावा. आता माझा धीर होत नाय.”

मग त्यानंच खड्डा केला, त्यानंच काठी रोवली, माती दाबली. तिनं पाणी ओतलं, तेही तो सांगेल तेवढंच.

काठी लागली. लागणारच होती. पुढल्या वर्षाच्या भादव्यात, आत्मारामाकडे आरतीची ताटं लागत असताना मुसा गडग्यावर आला. बोटी अजून बंद म्हणून खुष्कीच्या वाटेनं नुकताच दाभोळहून परतला होता, खुशीत होता. हमिदेच्या दारात जास्वंद फुलली होती आणि संध्याकाळी फूल लाल होताना बघायला सगळा मोहल्ला जमत होता.

“तिकडं पन आत्मारामाची जास्वंदच म्हनतात तिला,” मुसा सांगत होता. “हमिदेनंच नाव सांगितला सगळ्यांना. लोक काठी मागतात, पन ती कापून देत नाय. म्हनते, माझ्या हाताला गुन नाय, काठी पायजे तर मांडवीला काकांकडं जावा. काय करनार? पोरीचा हातगुनच नाय रे.”

म्हणजे तिनं बापालाही सांगितलं नव्हतं. आत्माराम गडग्यावर हात टेकून उभा राहिला. हातगुण तिचाच होता मुसा, एवढं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात आतून सावित्रीनं आरतीला हाक मारली, आणि हाकेचं निमित्त धरून तो आत गेला.

घर माणसांनी भरलं होतं. पुढे सरून, माना वाकवून सगळे गणपतीपुढची लाल झालेली फुलं बघत होते आणि आत्मारामाचं नाव घेत होते. आत्माराम सगळ्यांच्या मागे, दाराशी जाऊन उभा राहिला, आणि आरती संपेपर्यंत त्यानं त्या फुलांकडे बघितलं नाही.