दिवस मावळल्यावर

"मटण खाता?" डॉक्टरांनी विचारलं, आणि अतिशयने तोंड उघडायच्या आत त्याची आई खुर्चीत ताठ झाली.

"आवं डॉक्टर, जैन हाय आमी! चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा घरात येत न्हाई आमच्या."

"दारू?"

"काय इचारताय तुमी!" आक्काताईला आता खरोखरच राग आला.

एवढ्या वेदनेतही अतिशयला हसू फुटलं. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन टरारला होता. रात्री त्यावर चादर टेकलेलीही त्याला सोसवली नव्हती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारा, जेमतेम तिशी ओलांडलेला, अंगाने जरा जास्तच भरलेला गडी तो. सकाळी आईच्या खांद्यावर भार टाकून रिक्षात चढला होता.

डॉक्टर म्हणाले, "हा गाऊट आहे. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे बारीक खडे सांध्यात साठतात. बरं, बाटलीतली गोड पेयं?"

"ती मात्र लय," अतिशय म्हणाला. "ते आंब्याचं असतंय न्हवं, ते. एवढासा होतो तवापास्नं. आई रोज द्यायची, दिवस मावळल्यावर."

डॉक्टरांनी मान डोलावली. "एवढ्यानंच झालं असं कुणी म्हणू नये. घराण्यातून येतं, वजनाचंही असतं. पण त्यातल्या साखरेनं युरिक ॲसिड वाढतं. लहानपणापासून रोजची सवय असली, की पुढं धोका वाढतो."

आक्काताईने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. ती पदराशी चाळा करत राहिली.

नियम तिचा होता. सूर्य मावळला की घरात चूल पेटवायची नाही आणि काही शिजलेलं खायचं नाही. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी अतिशय पोटात राहिला, तेव्हा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराजांसमोर तिने तो घेतला होता. "पोराला बंधन नाही हं बाई," असं महाराजांनी स्वतःहून सांगितलं होतं. पण आक्काताईला ते कमीपणाचं वाटलं. पोरगं नदीकाठी खेळून अंधार पडल्यावर भुकेने रडत यायचं, आणि ती आपल्या किराणा दुकानातल्या फ्रीजमधून एक बाटली काढून त्याच्या हातात द्यायची. बाटलीवर आंब्याचं चित्र असायचं. फळाचाच रस तो, त्यात कसलं पाप? नियमही शाबूत, पोरगंही शांत! शिवाय बस्तीत बायका म्हणायच्या, "आक्काताईचं पोरगं बघा, एवढंसं हाय, पण रातच्याला घास शिवत न्हाई." ते ऐकायला फार गोड लागायचं. खरं सांगायचं तर त्या बाटलीपेक्षाही गोड.

परतताना रिक्षा पुलावर आली, तेव्हा तिने धीर केला.

"माझंच चुकलं रं."

"काय चुकलं?"

"ते बाटलीचं."

"खुळी का काय तू, आई?" अतिशय पाय सावरत म्हणाला. "अगं, दिवसभर मी त्येचीच वाट बघायचो. आई कवा एकदा बाटली फोडून देती, आसं व्हायचं."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. हे सोसत नव्हतं.

दिवस मावळला. सुनेने, चंदनाने, ओटा पुसून स्वयंपाकघर आवरलं होतं. अतिशय आतल्या कॉटवर उशीवर पाय ठेवून पडला होता. एवढ्यात त्याची पाच वर्षांची प्राची गल्लीतून धावत आली आणि सवयीने दुकानातला फ्रीज उघडून बाटली घेऊन आजीसमोर उभी राहिली.

"आज्जी, फोड की."

"भूक लागली व्हय गं?"

"लय! पण आता जेवायचं न्हाई. दिवस मावळला न्हवं?" प्राची शहाण्यासारखी म्हणाली. बस्तीतल्या बायकांचं कौतुक ऐकताना आक्काताईला वाटायचा, अगदी तोच अभिमान तिच्या तोंडावर होता.

आक्काताईने बाटली घेतली. गार काचेला हाताची ऊब लागेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने बाटली होती तिथे ठेवली, आत गेली आणि गॅस पेटवला.

चंदना दचकली. "आत्याबाई, दिवस मावळलाय."

"दिसतंय मला."

तिने ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. दिव्याभोवती एक चिलट फिरत होतं. असे जीव अंधारात चुलीत, अन्नात पडून मरू नयेत, त्यासाठीच तर हा नियम होता. तिने ते पदराने हळूच खिडकीबाहेर घालवलं आणि भाकरी तव्यावर टाकली. प्राची गरम भाकरी दुधात कुस्करून मिटक्या मारत खाऊ लागली.

"आज्जी, तू न्हाई खाणार?"

"माझा नियम हाय बाळा. तुझा न्हाई."

खरपूस वास आतपर्यंत गेला असावा. कॉटवरून अतिशयची हाक आली.

"आई, मला बी दे की चतकोर."

आक्काताईचा हात तव्यावरच थांबला. बाहेर तो रात्री कुठेही जेवत असेल, पण या घरात दिवस मावळल्यावर त्याने आईजवळ भाकरी मागितली नव्हती. मागून मिळणार नाही, हे तो फार लहानपणी शिकला होता.

"चतकोर का? आख्खी खा," ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिने परातीत पुन्हा पीठ घेतलं.