धार आभाळाकडे

हिरूने कुडाच्या भिंतीत खोचलेला कोयता उपसला आणि पदर डोक्यावर ओढून ती अंगणात धावली. गारा कसल्या, कौलं फोडायलाच निघालेल्या. उंबऱ्यातून सासू, मोतीबाई, ओरडत होती,

"धार आभाळाकडं कर गं. ढग चिरला पायजे."

हिरूने दोन दगडांच्या फटीत कोयत्याची मूठ दाबली, धार वर केली आणि डोकं धरून ओटीवर परत आली.

तिचा नवरा धाकलू हे बघून पोट धरून हसला असता. तो भिवपुरीच्या वीजघरात कामाला. लढाई लागल्यापासून त्याचं घरी येणं कमी झालं होतं, पण आला की जेवताना साहेबाकडून ऐकलेलं सगळं तोऱ्यात सांगायचा. उंच ढगात वारा थेंबाला वर ढकलतो, तिथं तो गोठतो. खाली यायला लागला की वारा पुन्हा वर नेतो, अन् दर खेपेला बर्फाचा नवा पापुद्रा चढतो. वरचा तो बर्फच म्हणे ऊन अडवतो, पाऊस पाडतो, सगळा हंगाम फिरवतो.

"गार कापून बग, कांद्यावानी निगंल. तुज्या कोयत्याला तितं कोन भितंय?"

हिरूला तेव्हा पटलं होतं. पण तेव्हा लेक जनी तिच्या मांडीवर बसलेली होती. आज ती सहा वर्षांची पोर ताकाचा तांब्या घेऊन शेतापलीकडे सोनाबाईकडे गेली होती, आणि आभाळ असं फाटलं होतं. एक गार वर्मी लागली तर? साहेबाचं खरं असो नाहीतर सासूचं, आत्ता ढगाने हटावं, एवढंच तिला हवं होतं.

वाऱ्याने पेंढ्याची उडवी उधळली. पेंढा अंगणभर पसरला, त्यावर गारा साचल्या आणि बघता बघता सगळं पांढरं सपाट झालं. दगडही दिसेनात.

तेवढ्यात बांधावरून एक पालथी टोपली पळत येताना दिसली. खाली दोन अनवाणी पाय.

"आली गं बाई माजी," हिरू म्हणाली आणि तिला रडूच आलं. सोनाबाईने पोरीच्या डोक्यावर टोपली दिली होती.

जनी अंगणात शिरली, पण घरात येईना. टोपली सावरत ती गारा वेचत सुटली. इथली एक उचल, तिथली एक, पुढे एक मोठी. तेव्हा कुठे हिरूच्या ध्यानात आलं. कोयता नक्की कुठे?

"जने, हलू नको! हाय तितंच ऱ्हा!"

कौलांवरच्या माऱ्यात पोरीला काय ऐकू जाणार? ती हसली आणि पुढच्या गारेसाठी वाकली.

हिरू धावली. डोक्यावर, पाठीवर फटके बसत होते. ती पाय उचलतच नव्हती, पेंढ्यातून घासत, चाचपत निघाली होती. जनीपासून हातभर अंतरावर ती एकदम थांबली. तिने ओठ दातांत धरले आणि पोरीला पोटाशी ओढलं. टोपली बाजूला पडली.

गारा ओसरल्या. थोड्या वेळाने थांबल्याच.

"बगितलंस?" मोतीबाई ओटीवरून म्हणाली, "लागला कोयता."

"व्हय, लागला," हिरू म्हणाली.

जनीने हिरूच्या पायाजवळची एक गार उचलून तिच्यापुढे धरली.

"आये, बाबा म्हनतो तसा पापुद्रा हाय बग. पन ह्यो लाल हाय. ढगात रगत असतं काय गं?"

"बाबा आला की इचार त्याला," हिरू म्हणाली. "आता आजीकडं जा. तिकडून, टोपलीच्या बाजूनं जा."

पोरगी ओटीवर चढेपर्यंत हिरूने पाय हलवला नाही.