खिडकीकडची तबकडी

मी बुद्धिबळाच्या डावाचं घड्याळ बोलतोय. मला दोन तबकड्या आहेत, दोन खेळाडूंच्या दोन. चाल झाली की आपली कळ दाबायची. आपला काटा थांबतो, समोरच्याचा चालू होतो. काटा बारावर पोचला की लाल झेंडी पडते. झेंडी पडली की डाव गेला, मग पटावर कितीही मोहरी असोत.

आधीच सांगून टाकतो, मी जळक्या स्वभावाचा आहे. छापखान्याच्या वरच्या खोलीत आमचं मंडळ भरतं. तिथल्या कपाटात खालच्या फळीवर मी. वरच्या फळीवर नवं, बॅटरीचं. त्याला ना झेंडी, ना टिकटिक. ते चुकत नाही म्हणतात. बॅटऱ्या काढल्या की ते मुकं होतं, हे मात्र कुणी बोलत नाही.

माझी पेटी सागवानी. कारागिराने कोपरे हाताने घासले होते. मंडळात आलो तेव्हा लोक मला धोतराच्या टोकाने पुसायचे. दुसऱ्याच वर्षी सेक्रेटरीच्या कोपराने मी टेबलावरून खाली पडलो. तेव्हापासून माझी खिडकीकडची तबकडी पळते, तासाला चार मिनिटं. माझं तोंड कायम सेक्रेटरीच्या टेबलाकडे ठेवतात, म्हणून जो खिडकीच्या खुर्चीत बसेल त्याचाच वेळ पळणार.

हे एकट्या शिंप्याला कळलं. कापड न मोजता नजरेने बेतणारा माणूस तो. त्याने चूप राहायचं ठरवलं. मला फक्त अंतिम सामन्याला काढत, आणि वडीलधाऱ्याने खुर्ची आधी निवडायची असा मंडळाचा रिवाज. तरुण प्रतिस्पर्धी असला तर शिंपी खिडकी निवडायचा. वयाने मोठा असला तर म्हणायचा, "तुम्ही भिंतीकडे बसा, वारा बाधेल." अकरा वर्षं तो कमी वेळात खेळला आणि अकरा वर्षं जिंकला. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू.

मग त्याचे डोळे अधू झाले, त्याने खेळ सोडला. बॅटरीचं घड्याळ आलं. आणि दवाखान्यातली नर्स आली. पांढऱ्या चपला दाराशी काढून बसायची, चहा गार होऊ द्यायची आणि एकेकाला गुंडाळायची. चार वर्षं सलग तीच पहिली. सगळे डाव त्या प्लॅस्टिकच्या घड्याळावर.

यंदा मंडळाने नवा चषक करायचा ठरवला. मंडळाच्या सर्वांत थोर खेळाडूचं नाव त्यावर कोरायचं. झालं, शिंपी की नर्स, वादाला तोंड फुटलं.

"जुने ते जुने," पोस्टमन म्हणाला. "त्यांना ना पुस्तकं मिळत होती, ना कुणी शिकवणारा. सगळं डोक्यातून काढलेलं."

"म्हणूनच चुका करायचे," गवंडी म्हणाला. "जुन्या जगज्जेत्यांना आज आणून बसवा. आजची शाळकरी मुलगी त्यांचा उंट खाईल."

"आणि तुझ्या त्या शाळकरी मुलीला त्या काळात नेऊन बसव की. कॉम्प्युटरशिवाय पहिलं प्यादं तरी हलवेल का ते बघ."

सेक्रेटरीने यावर तोड काढली. शिंप्याच्या अंतिम सामन्यांच्या जुन्या नोंदी त्याने कॉम्प्युटरला दिल्या. नर्सच्याही दिल्या. शंभरातल्या किती चाली बिनचूक, ते यंत्राने सांगितलं. शिंप्याच्या एक्याऐंशी, नर्सच्या त्र्याण्णव.

शिंपी तिथेच बसला होता. टोपी काढली, झटकली, परत घातली. मी कपाटातून पाहत होतो. यंत्राला चाली दिसल्या. पळणारा काटा कुठे दिसला? मला ओरडावंसं वाटलं, पण मला टिकटिकीशिवाय भाषा नाही.

शेवटी शिंपी म्हणाला, "कागदाचं कागदापाशी ठेवा. सिस्टर, माझ्याशी एक डाव खेळा. या जुन्या घड्याळावर. जिंकेल त्याचं नाव."

"खेळू या की, काका," ती म्हणाली.

रविवारी दुपारी शिंप्याने मला स्वतः किल्ली दिली. मी फुलून गेलो. रिवाजाप्रमाणे सेक्रेटरी म्हणाला, "काका, खुर्ची निवडा." आणि शिंपी भिंतीकडे जाऊन बसला.

मी चपापलो. त्याची नजर माझ्यावर होती, दगडासारखी. मग मलाही आतून बरं वाटलं. पळू दे तिचा वेळ, म्हटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी जरा जास्तच हौसेने पळालो.

ती सुरेख खेळली. एक हत्ती जास्त, शिंप्याचा राजा कोपऱ्यात अडकलेला. आणखी दोन चालींत मात होती. तेवढ्यात तिची झेंडी पडली.

"काका जिंकले," पोस्टमन म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नर्सने हात पुढे केला. "काका, खिडकीकडची तबकडी पळते."

शिंप्याचा हात अर्ध्यावर थांबला. "कधी कळलं?"

"पहिल्या पाच मिनिटांत. दिवसभर नाडी मोजते मी. भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत तुम्ही याच खुर्चीत आहात. म्हटलं, आज आपली खुर्ची मला दिलीत, परीक्षा घेताय. तुम्हाला अकरा वर्षं जमलं. मला एक दिवस नाही जमलं."

शिंपी उठला. सेक्रेटरीसमोर उभा राहिला.

"हिचं नाव कोरा."

"अहो, पण जिंकलात तुम्ही."

"मला माहीत होतं, म्हणून मी भिंत धरली. तिला माहीत नसताना तिला तिथे बसवलं. अकरा वर्षांचं कमावलेलं आज घालवलं मी. कोरा म्हणतो ना."

चषकावर तिचं नाव आहे. मला दुरुस्त करून आणलं. आता माझे दोन्ही काटे सारखे चालतात.

शिंपी पुन्हा यायला लागला आहे. दर रविवारी तो आणि नर्स खिडकीपाशी जुने डाव मांडतात. ती मोहरी लावते, मोठ्याने चाल सांगते. तो डोळे मिटून म्हणतो, "इथे घोडा चुकला माझा. गाढवपणा." ती म्हणते, "नाही हो काका, मीही तोच खेळले असते." भांडतात, हसतात, अंधार पडेपर्यंत उठत नाहीत. दोघांत थोर कोण, ते विचारतही नाहीत.

त्यांना घड्याळ लागत नाही. बॅटरीचंही नाही, मीही नाही. वरच्या फळीवरच्याचा हेवा करणं मी सोडून दिलं. आता या दोघांचा करतो. वाचणाऱ्या माणसा, कधी त्या खोलीत आलास तर कपाट उघड आणि मला किल्ली दे. कुणाचा वेळ मोजायचा नसला तरी चालेल.