क्षमस्वची चौकट

इंदापूरची पहिली एसटी बारामतीच्या स्टँडात शिरली तेव्हा सव्वासात झाले होते. मेघना उतरली, गर्दीतून वाट काढत पिठाच्या गिरणीपाशी आली आणि जिना चढून तिनं वरच्या खोलीचं कुलूप काढलं. गिरणी नवाला सुरू व्हायची. ती सुरू झाली की खोलीची फरशी थरथरायची आणि टेबलावरचा माऊस आपोआप सरकायचा. म्हणून बारीक काम नवाच्या आत उरकायचं, ही तिची तीन वर्षांची रीत. शिवाय एवढ्या सकाळी फोनची लाईन मोकळी मिळते, आणि अमेरिकेतलं गिऱ्हाईक अजून झोपलेलं नसतं.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. बारामतीत वेबसाईट म्हटलं तर लोक विचारायचे, "कुठली साईट म्हणायची? धरणाची का रस्त्याची?" अशा गावात बसून ही पोरगी इंग्लंडातल्या साडीच्या दुकानाची, कॅनडातल्या दाताच्या डॉक्टरची, डर्बनच्या मसालेवाल्याची पानं बनवत होती. बनवून भागत नसे. ती जगाला दिसावीत म्हणून इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या शोधसूच्यांत एकेक फॉर्म हातानं भरून त्यांची नावं लावावी लागत. कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांची पानं उघडून, आतला मजकूर वाचून ती शिकली होती.

सोबत दीपक. कऱ्हाटीच्या मानसिंगरावांचा मुलगा, कॉलेजातला वर्गमित्र. गिऱ्हाइकं शोधणं, फोनवर बोलणं त्याच्याकडं, बनवणं हिच्याकडं. आणि या दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. मेघना बौद्ध, दीपक मराठा. घरी बोलायचं दीपककडं होतं. दिवाळीत बोलणार होता. मग पाडव्याला. मग आबांच्या, म्हणजे वडलांच्या, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. डोळा बरा होऊन चार महिने झाले होते.

कऱ्हाटीला मेघनाचं जाणं-येणं होतं. दीपकची आई दगडाबाई तिला शेजारी बसवून भाकरी वाढायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "ही आमच्या दीपूची पार्टनर. लई हुशार." एकदा तर कौतुकानं म्हणाली, "एवढी अमेरिकेतली मान्सं तुज्या वळखीची, मेघे. आमच्या दीपूला तिकडची एखादी पोरगी बघ की." मेघना हसली होती. दीपकही हसला होता. तेव्हा तिला वाटलं, दोघं एकाच गोष्टीला हसतोय.

या सोमवारी ती रोजच्यासारखी न्यू जर्सीचं काम उघडून बसली. परदेशातल्या मराठी मुलामुलींची लग्नं जुळवणारी ती वेबसाईट होती. मालकीण कौसल्याताई, मूळच्या पुण्याच्या, पंचवीस वर्षं तिकडं. मेघनानं वेबसाईटवर स्वतःची एक खोटी नोंद ठेवली होती, चाचणीपुरती. नाव 'चाचणी', जात 'बौद्ध'. त्या नोंदीनं आत शिरायचं आणि सगळं नीट दिसतंय का बघायचं.

आज वर आकडा होता एकूण नोंदी दोनशे बारा. खाली यादीत मोजून दोनशे अकरा.

एक नोंद कुठं गेली?

तिनं पुन्हा मोजलं. लिहिलेल्या आज्ञा ओळीओळीनं तपासल्या, कुठं स्वल्पविराम सुटलाय का बघितलं. पाऊण तास गेला. आणि मग तिच्या ध्यानात आलं. चूक नव्हतीच. चौकट चालत होती! शुक्रवारी बसवलेल्या चौकटीत शनिवार-रविवारात कुणीतरी पहिली खूण केली होती. मेघनाला खरं तर बरं वाटलं. आपण केलेलं काम चाललं की कारागिराला वाटतं तसं. फक्त वरचा आकडा कमी करायचा राहिला होता, नाहीतर एखाद्याला संशय येईल.

ही चौकट कसली, ते सांगायला हवं.

रविवारच्या पेपरातल्या वधू-वरांच्या जाहिराती तुम्ही वाचता. 'उच्चशिक्षित, निर्व्यसनी, घरंदाज' वगैरे झालं की शेवटी येतं, 'एस.सी., एस.टी. क्षमस्व.' संस्कृत शब्द आहे, मोठा सभ्य. लाथ तीच, पायात मोजा मऊ घातलेला. ज्याला लाथ बसली त्यानं वर म्हणायचं, राहू द्या, माफ केलं.

वेबसाईट सुरू करताना जातीचा रकानाच नव्हता. दीपक स्वतः म्हणाला होता, "सात समुद्र वलांडून गेल्याव तरी हे लोढणं कशाला गळ्यात?" त्या एका वाक्यावर मेघनानं त्याच्यावर जन्माचा विश्वास टाकला. पण ऑगस्टात कौसल्याताईंचा ईमेल आला. लोक जात विचारतायत, रकाना घाला. रकाना घातला. पंधरा दिवसांनी दुसरा आला. काही पालकांना 'क्षमस्व'ची सोय हवीय. शब्द तोच ठेवा, कुणी दुखावायला नको.

मेघना म्हणाली होती, "मी न्हाय करणार."

दीपकनं समजावलं. "तू न्हाय केलंस तर पुण्यातला कोण तरी करील. चौकट येणारच. आणि हे काम गेलं, तर मी आबांफुडं कुठल्या तोंडानं हुबा राहू? धंद्यात पाय रवलाय हे दिसलं, तरच आपलं बोलता यील ना? आपल्या दोघांसाठीच म्हणतोय."

आपल्या दोघांसाठी. या दोन शब्दांनी बाईकडून काय काय करून घेतलंय, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

मेघनानं केलं. आणि इथं तिची चूक झाली, ती भल्या मनानं केलेली. तिला वाटलं, हा शब्द आपल्या माणसाच्या नजरेला तरी पडू नये. म्हणून तिनं अशी युक्ती केली की जातीत 'बौद्ध' किंवा तत्सम लिहिलं की पुढच्या पानावर ती चौकट दिसणारच नाही. आणि ज्यानं चौकटीत खूण केली, त्याची नोंदच या लोकांना दिसणार नाही. अपमान नाही, वाचणं नाही, काही नाही. त्या वेळी संगणकावर मराठी अक्षरं धड उमटत नसत, म्हणून 'क्षमस्व' हा शब्द तिनं चित्र म्हणून काढला. अक्षरांना फिकट गुलाबी रंग दिला, क्षची गाठ तीनदा पुसून नीट केली.

आता वरचा आकडा दुरुस्त करायला तिनं नोंदींची मूळ फाईल उघडली. तिच्यात काही लपत नाही. शेवटची ओळ दोनशे बारावी.

दीपक मानसिंग. वय सत्तावीस. कऱ्हाटी, तालुका बारामती. व्यवसाय, संगणक, स्वतःची कंपनी. अपेक्षा, परदेशस्थ मुलगी. त्यापुढं एक हा आकडा. एक म्हणजे खूण केलेली.

तिनं वरचा आकडा तसाच राहू दिला.

आदल्या दिवशी काय झालं होतं ते असं. रविवारी मेघना नसते. मानसिंगराव बाजाराला आले होते, ते वर खोलीत आले. दीपकनं त्यांना मेघनाच्या खुर्चीत बसवलं.

"तुज्या आईनं सांगितलंय, आपलं नाव आपल्याच दुकानात टाकायला लाजायचं न्हाय," मानसिंगराव म्हणाले. "टाक."

दीपकनं भरलं. आबा चष्मा पुढं-मागं करत बघत होते.

"त्यो खालचा चौकोन कसला रं?"

"ते... त्या लोकांची स्थळं नको असतील तर."

"मग कर की खूण. वाट कुणाची बघतो?"

दीपकचं बोट थांबलं. किती? एक श्वास घ्यायला लागतो तेवढं. तेवढ्या वेळात तो म्हणू शकला असता, आबा, मला एक बोलायचंय. डोळा बरा झाला होता, धंदा बरा चालला होता, बाप समोर बसला होता. त्यानं खूण केली.

"झालं?"

"झालं, आबा."

"चल, मिसळ खाऊ."

सोमवारी नवाला दीपक वडापावाची पुडी घेऊन आला. "काय गं, पहाटंपासनं काय खाल्लंस का न्हाय?"

"दोनशे बारावी नोंद कुणाची हाय?" मेघनानं विचारलं.

त्यानं पुडी टेबलावर ठेवली. "आबांनी भरली."

"आबांना माऊस धरता येतो?"

"अगं, नुसतं नाव हाय ते. तिकडची पोरगी मला करणार हाय व्हय? म्हाताऱ्याचं समाधान."

"आणि खूण? ती बी समाधानाला?"

"आबा शेजारी बसल्यालं. मी काय सांगायचं हुतं?"

"माझं नाव सांगायचं हुतंस."

"मेघे, तुला गावाकडचं म्हाईत न्हाय का? थोडा दम धर म्हणतोय. वरीसभर."

"तीन वर्सं दम धरला. दिवाळी धरली, पाडवा धरला, आबांचा डोळा धरला. आता कशाचा धरू?"

दीपक चिडला. कोंडीत सापडलेला माणूस हाताला येईल ते फेकतो, त्यानं खरं फेकलं. "मला एकट्याला बोलू नगंस. चौकट कुणी बनवली? मी? तूच बनवलीस. चित्तर बी तूच काढलंस, वर गुलाबी रंग दिलास!"

खाली गिरणी सुरू झाली. फरशी थरथरायला लागली.

"व्हय," मेघना म्हणाली. "मीच बनवली."

"काढतो मी माझी नोंद. हे बघ, आत्ता काढतो. मग झालं का?"

"ऱ्हाऊ दे. तुज्या एका नोंदीनं काय हुतंय."

ती दुपारच्या गाडीनं इंदापूरला गेली. आई पुतळाबाई अंगणात तूर निवडत होती. अवेळी आलेली लेक बघून तिनं सूप खाली ठेवलं. मेघनानं सगळं सांगितलं, दीपकचंही, जे घरात आजवर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

"मला ठावं हुतं," पुतळाबाई म्हणाली. "त्यो आपल्या घरी जेवायचा, पर निघताना कदी म्हणला न्हाय का, तुमी बी या कऱ्हाटीला. तू एकटीच जायचीस. पावनी म्हणून न्हाय, पार्टनर म्हणून."

वडील ज्ञानदेव पाटबंधारे खात्यात कारकून. ते दारात बूट सोडत ऐकत होते. छप्पन साली त्यांच्या वडलांनी घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले, तेव्हा ज्ञानदेव नऊ वर्षांचे. पोतं त्यांनीच धरलं होतं. दीपकचं सोडून त्यांनी चौकटीचंच विचारलं.

"ती चौकट आपल्या मान्सांना दिसत न्हाय म्हणलीस?"

"न्हाय, अण्णा. वाईट वाटू नये म्हणून मी..."

"मेघना," ते सावकाश म्हणाले, "पेपरात त्यो शब्द आला की आमी निदान वाचतो. राग येतो. कोण मानूस कसा हाय, कळतं. तू तर रागबी काढून घेतलास. ती पोरं बसली असतील वाट बघत, आपल्यात काय कमी हाय म्हणून. त्यांना दार बंद हाय हेसुद्धा कळू दिलं न्हाईस."

मेघनाला दीपकच्या बोलण्यानं रडू आलं नव्हतं. आता आलं. पुतळाबाई उठायला लागली तर ज्ञानदेवांनी हातानं थांबवलं. "रडू दे. बरं असतं."

मंगळवारी सकाळी ती पुन्हा त्याच खोलीत बसली. रात्रीत खुणा तीन झाल्या होत्या. तिनं चौकट काढली, लपवणाऱ्या ओळी पुसल्या, यादी सगळ्यांना सारखी केली. मग कौसल्याताईंना फोन लावला.

"ताई, क्षमस्वची चौकट मी काढली. ठेवायची असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझ्याकडनं होणार नाही."

"अगं पण मेघना, यात तुझा कुणी अपमान केला का? तुला कुणी काही बोललं का?"

"कुणीच काही बोललं नाही, ताई. मी त्याचीच सोय केली होती ना."

"तू उगाच मनाला लावून घेतेस. आम्ही इकडे जात मानत नाही. पालकांचा आग्रह असतो, एवढंच."

"पालकांचा आग्रह इकडं पण असतो," मेघना म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं सतरा ईमेल लिहिले. वेबसाईटवर जातीत 'बौद्ध' किंवा तत्सम लिहिलेल्या सतरा मुलामुलींना, लंडन, टोरांटो, मस्कत, ह्यूस्टन. मजकूर तोच, पण एकगठ्ठा नाही. प्रत्येकाला त्याच्या नावानं. 'शुक्रवारपासून तुम्हाला दिसणारी यादी अपुरी होती. ज्यांना तुमच्या-माझ्या जातीची माणसं नको होती, त्यांची नावं तुमच्यापासून लपवलेली होती. आता ती दिसतात. क्षमस्वच्या चौकटीत ज्यांनी खूण केली होती, त्या तिघांची नावं खाली देते आहे.' तिघांत पहिलं नाव दीपकचं होतं. ते तिनं वगळलं नाही.

आठ दिवसांत काम पुण्याच्या एका माणसाकडं गेलं आणि चौकट परत आली. दीपकनं स्टँडच्या पलीकडं वेगळी खोली घेतली. दगडाबाई बाजारात भेटली तर पदर सावरत म्हणाली, "गुणाची हुतीस गं, पर नाव फोडायची गरज न्हवती. पोराचं वाईट दिसलं." कुणाचं वाईट दिसलं याची तिला खंत होती. काय वाईट केलं, याची नव्हती. तुमच्याआमच्या घरांतही खंत बहुधा अशीच असते.

मेघना गिरणीवरच्या खोलीतच राहिली. दाताच्या डॉक्टरनं अजून दोन डॉक्टर पाठवले.

सतरांपैकी चौदा जणांची उत्तरं आली. काहींनी आभार मानले, काहींनी नोंद काढून घेतली, मस्कतच्या एकीनं फक्त 'जय भीम, ताई' एवढंच लिहिलं. टोरांटोचा अनुप नावाचा मुलगा मात्र भडकला होता. त्यानं लिहिलं होतं, 'आज प्रामाणिकपणा आठवला. त्या आधीच्या दिवसांत तुम्ही काय करत होता?'

हे उत्तर वाचून कुणीही बाजू मांडली असती. दीपकनं गळ घातली, काम जाईल म्हणून सांगितलं, हेतू चांगला होता, असं सगळं लिहिता आलं असतं, आणि त्यातलं बरंच खरंही होतं. मेघनानं तसं दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं.

तिसऱ्यांदा तिनं एकच ओळ लिहिली आणि पाठवली.

'चौकट बनवत होते.'