खांद्याने उघडणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतो. राहतो म्हणजे उभा असतो. माझी बसायची सोय कोणी केली नाही.

मी सागाचा. अंगावर पॉलिश, छातीवर पितळेची कडी. मला बसवले त्या दिवशी बाबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते, "एका बोटाने उघडतो हं! थांबा, परत दाखवतो." तेच शेजारी तीनदा बघून गेले. कौतुकाचे दिवस होते ते.

पुढे एका दमट ऋतूत मी फुगलो आणि चौकटीत अडकू लागलो. "सुताराला बोलवायला हवं," असे बाबा म्हणाले. हे वाक्य घरात इतके म्हटले गेले की मुलगी बोलायला लागली तेव्हा 'आई'नंतर तिने 'सुतार' म्हटले. सुतार मात्र आला नाही, कारण त्याला कोणी बोलावलेच नाही. कडी वर उचलायची, डावा खांदा लावायचा आणि धडक मारायची, अशी पद्धत पडली. आईचे माप घेताना शिंप्याला दोन्ही खांदे वेगवेगळे मोजावे लागत. या बाई कुस्ती खेळतात, असा त्याचा समज होता.

मग बाबांचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही. कित्येक महिने बाबांनी उंबरठा ओलांडला नाही. खालच्या मित्रांशी त्यांचा संबंध खिडकीतून ओरडण्यापुरता उरला. तेव्हा आईने ठरवले, हे घर विकायचे आणि इथेच तळमजल्यावरचे घ्यायचे.

"मला विचारलंस का?" बाबा म्हणाले.

"खाली जाते आणि ओरडून विचारते. तेवढंच ऐकता तुम्ही."

पांढरे बूट घातलेला एक दलाल आला. "काकू, घर असं दिसलं पाहिजे, जणू इथे कोणी राहतच नाही." आईने कंबर कसली. वर्षानुवर्षे गळणारा नळ थांबला. हॉलमधला लुकलुकणारा दिवा स्थिर झाला आणि घरातल्यांना एकमेकांचे चेहरे सलग दिसू लागले. भिंतींना रंग लागला. शेवटी सुतारही आला. त्याने मला बिजागऱ्यांवरून उतरवून आडवे केले. आयुष्यात मी पहिल्यांदा झोपलो. त्याने रंधा मारला, तेल घातले आणि दार मिटताच आपोआप लागणारे नवे कुलूप बसवले.

"तासाभराचं काम," तो म्हणाला. "आधी का नाही बोलावलंत?"

बाबांनी घाईने त्याला चहा विचारला.

दुसऱ्या दिवशी आई बाजारातून आली. किल्ली फिरवली, कडी उचलली, खांदा लावला, धडक मारली आणि थेट समोर खुर्चीत बसलेल्या बाबांच्या मांडीवर. पिशवीतले टोमॅटो स्वयंपाकघरापर्यंत गेले.

"इतक्या वर्षांत एवढ्या ओढीने कधी आली नाहीस," बाबा म्हणाले.

एका शिक्षिकेला आणि तिच्या नवऱ्याला घर पसंत पडले. किंमत ठरली. फक्त सह्या राहिल्या, आणि बाबा फिरले.

"नळ गळत नाही, दिवा नीट लागतो, दरवाजा एका बोटाने उघडतो. एवढं चांगलं घर कोणी विकतं का? मीच घेतो हे."

"अहो, ते तुमचंच आहे."

"मग झालं तर!"

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसत. मला उघडत, जिन्याकडे बघत आणि पुन्हा मिटत. कौतुकाने मलाही बरे वाटे, खोटे कशाला बोलू? पण ज्याच्यातून कोणी जात नाही त्या दरवाजाला भिंत म्हणतात. मला भिंत व्हायचे नव्हते. मी ठरवले, काहीही होवो, हा माणूस बाहेर गेला पाहिजे.

सह्यांचा दिवस उजाडला. आई आणि मुलगी तयार होऊन बाहेर उभ्या राहिल्या. बाबा काठी टेकत उंबरठ्यापाशी आले.

"मी येणार नाही. सहीबिही काही नाही."

"अहो, आज सही झाली नाही तर ती माणसं दुसरं घर बघतील," आई म्हणाली. "मला तुमच्या शेजारी खालच्या बाकावर बसायचंय. बाकी काही नको मला."

बाबांना ते नीट ऐकू गेले नसावे, किंवा फार नीट ऐकू गेले असावे. ते एक पाऊल बाहेर आले.

खट्.

वाऱ्याने लागला, असे सगळे आजही म्हणतात. मी काही म्हणालो नाही.

"किल्ली?" बाबांनी विचारले.

"पिशवीत. आणि पिशवी आत," आई म्हणाली.

"दुसरी?"

"घर दाखवायला दलालाला दिली होती."

"आणि दलाल कुठे आहे?"

"कार्यालयात," मुलगी म्हणाली. "सह्या करायच्यात ना, तिथेच."

बाबांनी मला एका बोटाने ढकलले. मग खांद्याने. मी हललो नाही. अडून बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

मग ते बसत, उठत, एकेक पायरी उतरले. वाटेत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता. "बाबा, शिव्या जपून वापरा," मुलगी म्हणाली, "अजून दोन मजले आहेत."

कार्यालयातले मी पाहिले नाही. मी कुठे जात नाही, मला बिजागऱ्या आहेत. एवढे कळले की सही झाली, आणि नंतर दोघे बाकावर इतका वेळ बसले की मुलगी कंटाळून निघून गेली.

घर रिकामे झाल्यावर आई शेवटचे बघायला एकटीच वर आली. किल्ली फिरवली, कडी उचलली, धडक मारली. या वेळी मध्ये मांडी नव्हती. ती समोरच्या भिंतीपर्यंत गेली. मग उठली, माझ्यापाशी आली आणि मला दोनदा थोपटले.

"अगं, पडलीस का?" बाबांचा आवाज आला. इतके महिने ते वरून खाली ओरडत असत. आज रस्त्यावरून वर ओरडत होते.

मित्रांनो, तुमच्या घरातला दरवाजा अडकत असेल तर घर विकायची वाट पाहू नका. तासाभराचे काम असते. आणि दरवाजा ठीक असून माणूसच अडकला असेल, तर त्याच्याशी दोन शब्द प्रेमाने बोला, त्याला उंबरठ्यापर्यंत आणा, आणि थोडा वारा येऊ द्या.